दक्षिण तीर

"शास्त्रीबुवा, रागावणार नसाल तर एक विचारू?" असं केशवराव म्हणाला तेव्हा भगवंतभटांच्या हातात तीर्थाची पळी होती आणि मन मात्र पानावर वाढल्या जाणाऱ्या भाताकडे लागलं होतं. अकोल्याला खुशालरावांच्या नव्या कापसाच्या आवाराची वास्तुशांत नुकतीच आटोपली होती. अमेरिकेत कुठेशी लढाई जुंपून तिसरं वर्ष सरत होतं आणि तिथला कापूस विलायतेला जाईनासा झाल्यामुळे वऱ्हाडच्या कापसाला जो भाव आला होता त्याचं हे आवार. रेल्वेचं स्टेशन जिथे होणार असं लोक बोलत होते त्याच्या अगदी जवळ, चारी बाजूंनी भिंत, मध्ये रुईच्या गाठी, आणि हवेत सगळीकडे इतका बारीक पिंजलेला कापूस की होमाच्या धुरात तो मिसळला आणि यजमानासकट सगळे शिंकायला लागले. केशवराव रेल्वेच्या मोजणीवर कारकून होता, पुण्याकडचा, तिशीतला. त्याने एका गाठीवर नकाशा पसरला आणि भगवंतभटांना जवळ बोलावलं. "संकल्पात तुम्ही म्हणालात, विदर्भदेशे, गोदावर्याः दक्षिणे तीरे. बरोबर?" भगवंतभटांनी मान हलवली. कोणतंही कार्य करायचं तर आधी ओंजळीत पाणी घेऊन देवाला सांगावं लागतं की आपण कोण, आजचा दिवस कोणता आणि आपण बसलो आहोत ती जागा कोणती. ते सांगून पाणी सोडलं की मग पुढचं. त्यात विचारण्यासारखं काय आहे ते त्यांना कळेना. केशवरावाने नकाशावर एका निळ्या रेघेवर बोट ठेवलं. "ही गोदावरी. आणि हे अकोलं." बोट वर सरकत सरकत चांगलं वीतभर गेलं. "आपण उत्तरेला आहोत. तुम्ही खुशालरावांचं अख्खं आवार उचलून नदीपलीकडे नेऊन ठेवलंत. आमच्या साहेबाच्या इंजिनालाही हे जमायचं नाही!" आणि तो हसला. वाईट हसला नाही. खुशालरावांनी लांबून विचारलं, "काय म्हनते केशवराव?" तेव्हा त्यानेच सांभाळून घेतलं, "काही नाही, पूजा यथासांग झाली म्हणतोय." भगवंतभट पानावर बसले, पण मघाशी मन लागलेला भात त्यांनी दुसऱ्यांदा मागितला नाही.

अमरावतीला परतताना, खुशालरावांच्याच बैलगाडीत, तीन दिवस ते रस्त्याकडे बघत बसले. गाडीवान सुरुवातीला बोलून पाहत होता, मग त्यानेही नाद सोडला. समोरून कापसाच्या गाड्या येत होत्या, एकामागे एक, इतक्या की रस्त्याकडेच्या बाभळींवर कापसाचे पुंजके लटकून राहिले होते. भगवंतभटांना वाटत होतं की केशवरावाने वीतभर बोट सरकवलं तेव्हा आपल्या आतलंही काही तरी सरकलं आणि ते परत जागेवर बसत नाही. एखाद्या अडाण्याची ही चूक असती तर गोष्ट वेगळी. पण भगवंतभटांना लोक शास्त्री म्हणत. तसं कुणी म्हटलं की ते अंग चोरत, कारण ते शास्त्री नव्हते, साधे भिक्षुक होते. फक्त एक वेड त्यांना होतं. जुन्या संस्कृत पोथ्यांतून आपल्या मुलखाचा पत्ता लावायचा. विदर्भ म्हणतात तो कुठून कुठवर, वरदा म्हणजे आपली वर्धा, पयोष्णी म्हणजे आपली पूर्णा की तापी, राजाचं कुंडिननगर म्हणजे कौंडण्यपूरच ना, की दुसरं काही. तीस वर्षं ते लिहून ठेवत होते. चार बाडं भरली होती. प्रत्येक पानावर आधी 'असे दिसते' लिहिलेलं, मग ते खोडून 'असे वाटते', मग तेही खोडून नुसतं प्रश्नचिन्ह. ती बाडं कुणाला दाखवायचं धाडस झालं नाही. एवढं मात्र केलं होतं की वडिलांकडून आलेल्या संकल्पात स्वतःच्या प्रेमाने एक शब्द घातला होता, विदर्भदेशे. आणि त्याच्या पाठोपाठ, त्याच श्वासात, बापआज्यांचं गोदावरीचं दक्षिण तीर. पणजोबा पैठणच्या समोरच्या काठावरून, म्हणजे गोदावरीच्या दक्षिणेकडून वऱ्हाडात आले. त्यांनी घरदार सोडलं, शेत सोडलं, जिभेवरची जागा मात्र सोडली नाही. आजोबांनी तेच म्हटलं, वडिलांनी तेच शिकवलं. देश इथला आणि तीर तिथलं. दोन्ही एकमेकांना शिवतसुद्धा नाहीत. पयोष्णीच्या उगमावरून स्वतःशी महिनोन् महिने भांडणाऱ्या माणसाला आपण कोणत्या नदीच्या कोणत्या काठावर बसलो आहोत एवढं कळलं नव्हतं. काटेपूर्णेच्या पाण्यात गाडी उतरली, बैल पाणी प्यायला थांबले, आणि त्या थांबण्यातच त्यांना दुसरी गोष्ट सुचली. ती सुचल्यावर त्यांनी गाडीचा दांडा घट्ट धरला.

कौशल्या. मागच्या मार्गशीर्षात त्यांची ही बायको गेली. मूलबाळ नव्हतं, म्हणून तिचं सगळं यांनीच केलं. दहा दिवस, बारावा, तेरावा. प्रत्येक दिवशी ओंजळीत पाणी घेऊन तिला जागा सांगितली, आणि ती जागा चुकीची होती. अमरावतीत, सराफ्यामागच्या बोळात, दोन खणी घरात आपण पिंड मांडून बसलो होतो आणि तिला सांगत होतो की नदीपलीकडे ये. ती गेली असेल. सांगितलेलं ऐकणारी बाई होती. तिथे कुणी नसेल. मग ती काय करेल? चार घरं विचारेल, पण ती अनोळखी माणसाला काही विचारायला लाजायची. गल्लीतल्या वाण्याकडेसुद्धा ती भाजीवाल्या मनकर्णेला सोबत घेऊन जायची. आता दहा दिवसांवर वर्षश्राद्ध होतं. पुन्हा पाणी घ्यायचं होतं, पुन्हा जागा सांगायची होती. या वेळी ती चुकता कामा नये. भगवंतभट नदीच्या पाण्याकडे बघत राहिले. गाडीवान म्हणाला, "महाराज, तब्येत बरी हाये ना?" ते म्हणाले, "बरी आहे. तुझा गाव नदीच्या कोणत्या अंगाला रे?" गाडीवानाने क्षणाचाही विचार न करता चाबकाने दाखवलं. "थ्या अंगाले." याला येतं, त्यांना वाटलं, सगळ्यांना येतं.

अमरावतीला उतरल्या उतरल्या, पाय न धुता, ते देवीदासभटाकडे गेले. देवीदासभट त्यांचा लहानपणापासूनचा सोबती, गावातल्या अर्ध्या घरांचा भिक्षुक, देहाने मोठा आणि शंकांनी अगदी हलका. तो ओसरीवर सुपारी कातरत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे माझ्या पोराचं लग्न नदीपलीकडे लागलं म्हणतोस? मग सून इकडे कशी आली रे? रोज तर भांडते!" भगवंतभट म्हणाले, "थट्टा नको. तू, मी, गावातले आठ जण, सगळ्यांच्या तोंडी तेच आहे. या दोन-तीन वर्षांत कापसापायी घरोघरी नवी घरं, नवी लग्नं. किती कार्यं झाली असतील?" देवीदासभटाचा अडकित्ता थांबला. "देवाला काय रे भगवंता, जिकडे नैवेद्य तिकडे तो." मग भगवंतभटांच्या तोंडाकडे बघून तो जरा नरमला. "बरं बाबा. उद्यापासून उत्तरे. मी सगळ्यांना सांगतो. पण मागचं आता उकरू नको. मागचं ज्याचं त्याला पावलं." असं म्हणून त्याने सुपारीचा तुकडा पुढे केला. भगवंतभटांनी तो घेतला आणि हातातच ठेवला. मागचंच तर त्यांना उकरायचं होतं. चार दिवसांत गावभर झालं. कुणी नाक मुरडलं, कुणी कौतुक केलं, पण आठही भिक्षुक उत्तरे म्हणायला लागले. एका घरी सत्यनारायणाला देवीदासभट मोठ्याने उत्तरे तीरे म्हणाला आणि भगवंतभटांकडे बघून त्याने भुवया उडवल्या. आयुष्यात पहिल्यांदा आपल्या वाचनाचा, खरं तर दुसऱ्याच्या नकाशाचा, काही उपयोग झाला. पण त्यांना बरं वाटेना. शब्द बदलला की जागा बदलते, हे जर खरं, तर जुन्या शब्दाच्या जागी कोण कोण अजून वाट बघत बसलं असेल?

मनकर्णेच्या मळ्यात ते पाचव्या दिवशी गेले. मनकर्णा माळीण, गावाबाहेर तिचा भाजीचा मळा, आणि चाळीस वर्षं रोज सकाळी तिची टोपली आधी कौशल्येच्या दारात उतरायची आणि मग बाजारात. तिचा नवरा सूर्यभान सहा वर्षांमागे गेला, त्याचं दहाव्याचं भगवंतभटांनीच केलं होतं. श्राद्धाची भाजी सांगायची हे निमित्त होतं. ती वाफ्यात बसून गवार खुडत होती. "या महाराज. कारली हायेत, गवार हाये, भोपया हाये. बाईच्या नावाचं सारं मी आनून देतो, तुमी इचारू नका." भगवंतभट उभेच राहिले. "मनकर्णे, मला तुला दुसरंच सांगायचं आहे."

"मंग बसा. तुमचं सांगनं लांबत असते."

ते बांधावर बसले आणि त्यांनी सांगितलं. शक्य तितक्या साध्या शब्दांत, आणि तरी लांबलंच. सूर्यभानाच्या दहाव्याला आपण नदीच्या घाटावर बसलो होतो, पण मी त्याला दुसरीच जागा सांगितली, गोदावरीच्या पलीकडची. तो तिकडे गेला असेल. उपाशी परतला असेल. माझी चूक. तिने खुडणं थांबवलं नाही. "किती लांब हाये थे?" तिने विचारलं. "गाडीनं पंधरा दिवस." तिने शेंगांची मूठ टोपलीत टाकली. "मंग काई झालं नाई. माहा मानूस दर्यापूरच्या बाजारातून पिऊन येये, त्याले सोताचं नाव सांगता येत नोतं. पर घर नाई चुकला कदी. थो बैलाले आने का बैल त्याले, देव जाने." ती थोडं थांबली आणि तिला आणखी काही आठवलं असावं, कारण ती हसायला लागली. "आन महाराज, जित्तेपनी तीस वर्सं मी त्याले सांगून राहिली, अटी जाऊ नको, तटी जाऊ नको. माह्या सांगन्यावर नाई चालला, थो मेल्यावर तुमच्या सांगन्यावर काहून चालन? अन् तुमचं संस्कृत त्याले समजलं तरी कुठी?" भगवंतभटांनाही हसू आलं, पण ते अर्ध्यात राहिलं. "सूर्यभानाचं ठीक आहे," ते म्हणाले. "पण ती तर सांगितलेलं ऐकायची." यावर मनकर्णेचा हात थांबला. तिने पदराने घाम पुसला, टोपली बाजूला सारली आणि नीट त्यांच्याकडे तोंड करून बसली, बाई माणूस मोठं काही सांगायचं असलं की बसते तशी.

"बाईले ठाऊक होतं," ती म्हणाली.

"काय ठाऊक होतं?"

"हेच. तुमी चुकीचं मनता थे. थे त्या नदीच्या गावचीच होती ना. तिच्या बापाच्या घरी पूजेले हेच शबूद मनत. तटी थे बरोबर होते, अटी चूक. पयल्याच सनाले तिच्या ध्यानात आलं. मी पुसलं ना एकदा, बाई, पूजा झाली का तुमी हसता काहून? तं मने, मनकर्णे, हे पूजेले बसले का मले माहेरी नेऊन बसवतात. गाडी नाई, बैल नाई, भाऊ घ्याले याले पायजे नाई. एका दमात इदर्भ त्याईचा अन् तीर माहं. मी मनलं, मंग सांगा ना त्याईले. तं मने, नको गं माय. सांगतलं तं बंद करतीन. थे लई खरे मानूस हायेत."

मोटेचं पाणी पाटातून येत होतं आणि वाफ्याच्या तोंडाशी फुटत होतं. मनकर्णेने उठून पायानेच माती सारली आणि पाणी दुसऱ्या वाफ्यात वळवलं. भगवंतभटांना तिचा हात आठवला. पूजेला बसलं की बायको नवऱ्याच्या उजव्या अंगाला बसते आणि संकल्पाच्या वेळी तिने त्याच्या हाताला हात लावायचा असतो, म्हणजे जे चाललंय ते दोघांचं होतं. कौशल्या चार बोटं लावायची. हळद आणि धण्याचा वास असलेली, थंड बोटं. आणि दर वेळी मध्येच एका ठिकाणी ती बोटं किंचित दाबली जायची. तो दाब त्यांना माहीत होता, जसा आपल्याला आपला श्वास माहीत असतो तसा. बसून बसून पाय अवघडला असेल, असं त्यांना वाटायचं. चव्वेचाळीस वर्षं त्यांना तसं वाटलं. लग्नानंतर गोदावरी ओलांडताना नऊ वर्षांची ती नावेत त्यांच्या शेजारीच बसली होती, मुंडावळ्यांसकट, आणि सोळा वर्षांचे ते नावाड्याला विचारत होते की ही गौतमी कुठून उगम पावते. ती मागे बघत होती. काठ लांब जात होता तो ती बघत होती आणि यांनी त्याच काठाचं नाव जन्मभर घेतलं, न बघता. त्या पोरीला त्यानंतर किती वेळा माहेरी नेलं? दोनदा. एकदा तिचा बाप गेला तेव्हा, तेही पोचेपर्यंत तेरावा होऊन गेला होता. पंधरा दिवसांची वाट, पेंढाऱ्यांची भीती, मग पैसे नव्हते, मग पाऊस होता, मग माहेरी कुणी उरलंच नव्हतं. कारणं सगळी खरी होती. ते खरे माणूस होते. "महाराज," मनकर्णा म्हणाली, "आता तुमाले सांगतलं, पाप लागलं असन तं माह्या डोक्यावर. पर थे सुखी होती बरं. तुमी मनात आनू नका." त्यांनी मान हलवली. भाजीचं पुन्हा एकदा सांगून ते निघाले आणि मळ्याच्या फाटकापाशी वाट चुकून उसाच्या बाजूला वळले. तिने हाक मारून त्यांना परत वळवलं.

उरलेले तीन दिवस त्यांनी बाडं काढून बसण्यात घालवले. एक गोष्ट शोधायची होती. जुन्या पोथ्यांतून विदर्भ येतो तो बहुतेक एकाच कामासाठी, तिथून एक राजकन्या निघते. कुणी स्वयंवरात माळ घालून जाते, कुणाला रथात घालून नेतात, कुणी ऋषीच्या मागे वल्कलं नेसून जाते. सगळ्या जगातल्या राजांची सासुरवाडी विदर्भ. त्या निघताना नद्यांची वर्णनं आहेत, वाटेवरच्या अरण्यांची आहेत, आईबापाच्या डोळ्यांतल्या पाण्याची आहेत. पण दुसऱ्या मुलखातली एखादी मुलगी सून म्हणून विदर्भात आली, तिला इथली काळी माती पायाला कशी लागली, इथलं पाणी गोड लागलं की मचूळ, असं काही कुठे आहे का, ते त्यांना बघायचं होतं. ते प्रत्येक पान उलटत गेले. मिळालं नाही. असेलही कुठे, आपलं वाचन ते किती, असं त्यांना वाटलं आणि सवयीने त्यांनी समासात प्रश्नचिन्ह काढलं. पुस्तकात विदर्भ नेहमी माहेर होता. जिला तो सासर झाला अशी एकच बाई त्यांच्या माहितीत होती आणि तिच्याविषयी चार बाडांत एक ओळ नव्हती. मग त्यांना कौंडण्यपूर आठवलं. जत्रेला दोघं गेले होते, चाळिशी उलटली असेल तिची. वर्धेच्या काठावर उभं राहून हे दोन घटका बोलत होते, इथे राजवाडा असेल, इथे देवीचं देऊळ, या वाटेने राजकन्येला न्यायला रथ आला असेल. तिने सगळं ऐकलं आणि विचारलं, "तिच्या माडीवरून नदी कोणत्या अंगाला दिसायची हो?" त्यांना राग आला होता. इतकं सांगून हा प्रश्न! "ते पोथीत नाही," ते म्हणाले होते. नदी समोर वाहत होती. सूर्य पश्चिमेला कलला होता. पायाखालचं टेकाड तिथेच होतं. नुसतं मान वळवून सांगता आलं असतं. ती म्हणाली, "आमच्या घरून उत्तरेला दिसायची," आणि मग तिने पिशवीतून दशम्या काढल्या. त्यांनी त्या वेळी हे ऐकलं होतं की नव्हतं? शब्द आज इतके स्पष्ट येत होते, म्हणजे ऐकले असणार. ऐकून कुठे ठेवले होते इतकी वर्षं?

आता प्रश्न उलटा झाला होता आणि आधीपेक्षा अवघड. चुकीची जागा सांगितली म्हणून ती भटकत असेल, ही भीती गेली. ती भटकली नव्हती, माहेरी गेली होती, वर्षभर तिथेच होती. परवा खरी जागा सांगायची म्हणजे तिला तिथून उठवून आणायचं. ये, इथे बोळात ये, सराफ्याच्या मागे, जिथे तू चव्वेचाळीस वर्षं राहिलीस. आणि ती येईल, ऐकणारी बाई होती. भगवंतभटांना ती यायला हवी होती. हे त्यांनी स्वतःशी कबूल केलं तेव्हा त्यांना लाज वाटली, या वयात. तिन्हीसांजा झाल्या की त्यांना अजून स्वयंपाकघरातून भांड्याचा आवाज येईल असं वाटायचं. एकदा तरी तिने इथे यावं, त्यांच्या हाकेने यावं, नीट सांगितलेल्या पत्त्यावर. आणि शिवाय खोटं कसं बोलायचं? न समजता बोललं ती चूक, समजून बोललं ते खोटं. साऱ्या गावाला उत्तरे म्हणायला लावून आपण स्वतः दक्षिणे म्हणायचं? ते उठले, पाणी प्यायले, पुन्हा बसले. विचार करून करून दोन्ही बाजू सारख्या झाल्या. त्यांचं सगळं आयुष्य असंच गेलं होतं, दोन्ही बाजू सारख्या होईपर्यंत विचार करण्यात, आणि तोवर गाडी निघून जायची.

श्राद्धाच्या दिवशी मनकर्णेची टोपली सकाळीच आली. शेजारच्या गंगूबाईंनी सोवळ्यात स्वयंपाक केला, कारल्याची भाजी, गवार, वडे, खीर. देवीदासभट आणि आणखी एक ब्राह्मण पानावर बसायला आले होते. देवीदासभटाने भिंतीला टेकून डोळे मिटले, त्याला उपास सोसत नसे. भगवंतभटांनी आचमन केलं, प्राणायाम केला, ओंजळीत पाणी घेतलं आणि सुरुवात केली. संवत्सर सांगितलं, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी. काळ नेहमीच सोपा असतो, तो पंचांगात असतो. मग जागा आली. भरतखंड, दंडकारण्य. विदर्भदेशे असं म्हणायची वेळ झाली आणि त्यांनी तोंड उघडलं तर शब्द आला तो पुढचा.

"गोदावर्याः दक्षिणे तीरे," ते म्हणाले.

देवीदासभटाने डोळे उघडले. "भगवंता, उत्तरे. तूच तर सांगितलंस." भगवंतभट म्हणाले, "हो." "मग? सवयीनं गेलं का तोंडातून? पुन्हा म्हण. आणि तुझा विदर्भही राहिला."

"सवयीनं नाही गेलं. आणि विदर्भ राहू दे इथेच."

"राहू दे म्हणजे? अरे, तीस वर्षं जिथेतिथे घुसवत होतास तो. आणि गावभर उत्तरे उत्तरे करून..."

"गावाला उत्तरेच. तुलाही उत्तरेच. आजच्या दिवस मी तिकडे चाललो आहे."

दुसरा ब्राह्मण या दोघांकडे आळीपाळीने बघत होता. देवीदासभटाने भगवंतभटांच्या तोंडाकडे जरा जास्त वेळ पाहिलं. त्याला काय कळलं ते त्यालाच ठाऊक, पण तो पुन्हा भिंतीला टेकला आणि हळू आवाजात म्हणाला, "जा बाबा. लवकर जा पण. वडे निवून राहिले." आतून गंगूबाई म्हणाल्या, "नाही हो, गरम आहेत."

भगवंतभटांनी पाणी सोडलं. ताम्हणात त्याचा आवाज झाला, एवढासा. इतकी वर्षं न समजता म्हटलेलं आज पहिल्यांदा समजून म्हटलं होतं, आणि म्हणून आज ते प्रथमच खोटं होतं, आणि त्याचं काय ते उत्तर त्यांनाच द्यावं लागणार होतं. देऊ. विदर्भ सोडून कितीजणी गेल्या, पोथ्यापोथ्यांतून, मागे न बघता गेल्या. त्यांच्यामागून एक म्हातारा निघाला तर कुणाचं काय बिघडलं? त्यांनी जानवं उजव्या खांद्यावर घेतलं आणि दक्षिणेकडे तोंड केलं. मग एकदम त्यांना लग्नातल्या त्या सोळा वर्षांच्या मुलासारखं अवघडल्यासारखं झालं. सासुरवाडीला निघालो तर खरे, पण पोचल्यावर बोलायचं काय? तिला काय विचारायचं? आणि इतक्या वर्षांनी जायचं, ते रिकाम्या हाताने कसं जायचं? त्यांनी समोर पाहिलं. गंगूबाई पान वाढत होत्या. खीर होती, वडे होते, कारल्याच्या भाजीवर खोबरं घातलेलं होतं. त्यांना जरा धीर आला.